उत्तमरावाच्या ओट्यावर दम खाल्ला

मुक्काम कुरुंदा,
माघ वद्य, शके १८६६

तीर्थरूप गंगाभागीरथी धुरपताआक्का हिच्या पायी धाकटा भाऊ तातेराव याचा दंडवत. हा दंडवत कागदावरचाच समजावा. खरा घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील, आणि घरातली सगळी माणसं सध्या हळदीच्या कढईपाशी गुंतली आहेत. तुझा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? पत्र वाचणाऱ्या रामकिशनला आशीर्वाद. रामकिशन, आईला पत्र मोठ्यांदा वाचून दाखव. मधलं गाळू नको, पदरचं घालू नको. आडत दुकानात भाव पुकारतोस तसं घाईनेही वाचू नको.

तुझा निरोप खेमाने आणला. (खेमा म्हणजे आपल्या गाडीवर असतो तो तांड्यावरचा.) तो जवळ्याच्या बाजाराहून आला, बैल सोडले, आणि भर अंगणात उभा राहून म्हणाला, “मालक, आक्कानं सांगितलं तसंच सांगून राहिलो, रागाला येऊ नका.” मग त्याने तुझा आवाज काढला. “तात्या मरून राहिला म्हणं. अन् मरता मरता माझ्या लेकराची सोयरीक बी करून बसला म्हणं. दोन्हीतलं खरं काय ते लिवून कळव, म्हंजी रडायचं का भांडायचं ते मला ठरवता येईल.” आवाज इतका हुबेहूब होता की तुझ्या भावजयीने, पार्वतीने, डोक्यावरचा पदर सारखा केला. आक्का, दोन्ही बातम्या अर्ध्याच खऱ्या आहेत. आधी पहिली सांगतो, कारण दुसरी तिच्यातूनच निघाली आहे.

दिवाळीपासून मला दम लागतो. आधी चढावर लागायचा. मग सपाटीवर लागू लागला. मग धोतर नेसताना. मग काहीच न करता. संध्याकाळी पाय सुजतात. बोट दाबलं की खड्डा पडतो, आणि पोरं तो भरून यायची वाट बघत समोर बसतात. आडवा झालो की छातीवर कुणी पोतं टाकल्यासारखं होतं आणि उठून बसावं लागतं. म्हणून खेमाच्या गाडीने वसमत स्टेशन, आणि तिथून आगगाडीने हिंगोली गाठली. तिथला डॉक्टर भला माणूस. त्याने छातीला नळी लावली, पाठीला लावली, बराच वेळ ऐकलं. मग म्हणाला, “पटेल, दिल बडा हो गया है तुम्हारा.” मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. त्याने उलगडून सांगितलं तेव्हा कळलं की ही तारीफ नसून आजार आहे. हृदय फुगलं आहे, थकलं आहे, रक्त पुढे ढकलणं त्याला जमत नाही, म्हणून पाणी पायात उतरतं आणि छातीतही साचतं. (हे घरी सांगितलं तर तुझी भावजय म्हणाली, “मोठं झालं म्हणं दिल! मला तर अजून दिसून न्हाई राहिलं.”)

डॉक्टरने नेम घालून दिले. मीठ बंद. थेंबांचं औषध पाण्यातून. निजायचं ते पाठीला उंच टेका देऊन. पण दिवसभर बाजेवर पडूनही राहायचं नाही; रोज थोडं चालायचं, सावकाश, आणि चालता चालता बोलता येईनासं झालं की जिथं असू तिथं बसायचं. बसायचं कसं तेही त्याने स्वतः बसून दाखवलं. पाय जमिनीला टेकलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, अंग पुढे झुकलेलं. नाकाने श्वास घ्यायचा तेव्हा मान वर. ओठांचा चंबू करून, तापलेल्या दुधावर फुंकर घालावी तसा सावकाश सोडायचा तेव्हा मान खाली. श्वासाच्या मागे धावायचं नाही, तो आपणहून येतो. आणि दम जिरेपर्यंत बोलायचं नाही. कुणी काही विचारलं तर नुसती मान हलवायची. आक्का, हे शेवटचं ध्यानात ठेव. मी वैद्याचं सांगणं आयुष्यात पहिल्यांदा तंतोतंत पाळलं, आणि त्याचं फळ तुला खेमाच्या तोंडून निरोप पाठवावा लागण्यात झालं.

घरी या नेमांचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. (थोडक्यात होणार नाही. बोलताना दम लागतो, लिहिताना लागत नाही, म्हणून चार महिन्यांचं सगळं बोलणं तुंबलं आहे.) पाठीला टेका हवा म्हणून तुझ्या भावजयीने बाजेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. बाज तिरकी झाली. मी रोज उशाशी निजतो आणि पहाटे पायथ्याशी जागा होतो. मग तिने मागे कापसाची पोती लावली. ती मऊ असतात असं लोक म्हणतात. त्या लोकांनी पोत्याची शिवण पाठीला लावून पाहिलेली नाही. मिठाबद्दल बोलायला नको. बिनमिठाच्या वरणात तुम्ही काहीही पिळा, ते वरणासारखं दिसतं एवढाच त्याचा गुण उरतो. घरातले बाकीचे माझ्यासमोर खारातली मिरची खात नाहीत. दाराआड जाऊन खातात, आणि ती चावल्याचा आवाज मला येतो.

पण सगळ्यात तकलीफ माणसांची. माणसाला दम लागला की लोकांना त्याच्याशी बोलावंसं वाटतं. एरवी ज्यांनी मला रामराम केला नाही ते येऊन बाजेशी बसतात आणि विचारतात, “काहून दम लागून राहिला, तातेराव?” मी सांगू लागलो की दम लागतो. दम लागला की ते म्हणतात, “बघा, बोललात की लागतो तुमाला. बोलत नका जाऊ.” आणि लगेच विचारतात, “कधीपासून म्हणालात?” मग प्रत्येक जण आपल्या नात्यातल्या एका माणसाचं सांगतो. त्या सगळ्यांना असाच दम लागत असे. त्यांच्यातला एकही आज हयात नाही. सांगणारा ही गोष्ट मला धीर यावा म्हणून सांगतो. उपायही सांगतात. एकाने कडुनिंबाची धुरी घ्यायला सांगितली. ज्याचा श्वास पुरत नाही त्याच्या नाकात धूर सोडावा, हे ज्याला प्रथम सुचलं त्याला माझ्या बाजेवर एक रात्र निजवावं अशी माझी इच्छा आहे.

म्हणून मी बाहेर पडू लागलो. डॉक्टरने चालायला सांगितलं होतंच, आणि घरात राहून बोलण्यापेक्षा बाहेर जाऊन दमणं बरं. शिवाय हळद. आपला थोरला मुलगा हळद कच्ची काढतो. कढईतल्या गड्ड्याला काडी टोचली की ती आरपार गेली पाहिजे. थोरला काडी टोचतो आणि ती गेली असं धरून चालतो. मी काठाशी नुसता बसलो तरी काडी नीट जाते. तेव्हा रोज मळ्यापर्यंत जायचं ठरवलं. आपलं घर ओढ्याच्या अंगाला, मळा वरच्या वेशीबाहेर, आणि मधली गल्ली चढाची. लहानपणी तू ही गल्ली पळत चढायचीस आणि वर उभी राहून मला हसायचीस. आता तुझा गुडघा आणि माझं दिल, दोन्ही मिळून एक माणूस वर पोचणार नाही.

या गल्लीत जागोजाग बसावं लागतं, त्यामुळे गावातल्या ओट्यांची मला जेवढी पारख आली आहे तेवढी ते बांधणाऱ्या गवंड्यालाही नसेल. पाटलाचा ओटा दिसायला झोकदार, पण उंच. त्यावर पाय लोंबकळतात. लोंबकळत्या पायांनी दम जिरत नाही, उलट आपण कुणाचा तरी निवाडा करायला बसलो आहोत असं वाटतं. मारुतीच्या देवळाचा ओटा बराबर उंचीचा, पण तिथं आधीच बसलेले लोक असतात आणि त्यांना लढाई कधी संपणार ते माझ्याकडून हवं असतं. सोनाराच्या ओट्यावर कुत्रं आहे. ते परक्याला काही करत नाही, ओळखीच्या माणसावर भुंकतं. राहिला उत्तमरावाचा. गुडघाभर उंच, वर निंबाची सावली, मागे टेकायला भिंत, आणि नेमका तिथं, जिथं माझा श्वास संपतो. जणू माझं माप घेऊनच बांधला आहे. उत्तमराव तुला आठवत असेल. त्याची बहीण द्वारकाबाई तर तुझ्याबरोबर ओढ्यावर धुणं धुवायला असायची. आता विधवा होऊन भावाकडेच राहते. तेव्हाही ती धुण्यापेक्षा बोलणं जास्त करायची.

पहिल्या दिवशी मी तिथं टेकलो. डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे हात गुडघ्यांवर, मान पुढे. द्वारकाबाई दारात आली. “तातेरावभाऊ, काहून येणं केलं?” मी मान हलवली. काहून याचं उत्तर मानेने देता येत नाही, पण तिला ते पुरलं. ती आत गेली आणि भज्यांची ताटली घेऊन आली. भज्यात मीठ. मी हाताने ताटली मागे सारली. ती पुन्हा आत गेली, तिथं काही कुजबुज झाली, आणि या खेपेला गुळाचा खडा आणि पाणी आलं. (साखर लढाई सुरू झाल्यापासून गावाने पाहिलेली नाही.) गुळात मीठ नसतं. मी खडा तोंडात टाकला. आक्का, मी एवढंच केलं. एका दमेकरी माणसाने ओट्यावर बसून गूळ खाल्ला.

आता त्या घरात याचा अर्थ काय झाला ते बघ. घरात लग्नाची मुलगी, मिरा. आपल्याकडे मुलीचा बाप वरपक्षाच्या पायऱ्या झिजवतो. वरपक्षाचा वडीलधारा माणूस आपण होऊन मुलीच्या दारात येऊन बसल्याचं या गावात कुणी पाहिलेलं नाही. त्यातून सगळ्या गावाला ठाऊक आहे की मला देवाने मुलगी दिली नाही, म्हणून भाच्याला मुलगी देणं माझ्याकडून झालं नाही, आणि तू चार बायकांत नेहमी म्हणतेस की मामानं पोरगी दिली न्हाई तर निदान शोधून तरी द्यावी. असा मामा येतो. मान खाली घालून बसतो. सोयरीक ठरेपर्यंत त्या घरचं मीठ खायचं नाही अशा कडक रिवाजाने भजी परत करतो. आणि तोंड मात्र गोड करून घेतो. द्वारकाबाईच्या जागी तू असतीस तर तूही हेच समजली असतीस, आणि जरा लवकर समजली असतीस.

दुसऱ्या दिवशी ती तयारीनेच बसली होती. मी टेकतो न टेकतो तोच म्हणाली, “जवळ्याचा रामकिशन तुमचाच भाचा नव्हं?” मान हलवली. खोटं कसं सांगू? “लगीन न्हाई झालं नं त्याचं अजून?” मान. हेही खरं. “मामाच्या शबुदाबाहेर न्हाई म्हणं पोरगं?” इथं मी जरा जोराने मान हलवली. (रामकिशन, हे वाक्य आईला पुन्हा वाचून दाखव.) मग तिने घसा साफ केला आणि विचारलं, “मंग आमच्या मिरेचं काई हाय का तुमच्या मनात?” त्या वेळी मी दुधावर फुंकर घालत होतो. मान खाली गेली. श्वास घेतला, मान वर आली. पुन्हा फुंकर, पुन्हा खाली. मी नुसता जगण्याचा प्रयत्न करत होतो. तिला त्यात होकार दिसला, आणि एकदा नाही, घटकाभर चाललेला होकार.

मी मळ्यात पोचायच्या आत गल्लीत गूळ वाटला गेला. मी काडी टोचून घरी परतायच्या आत तो आपल्या घरीही आला. तुझी भावजय दारात उभी. “सोयरीक करून आलात, अन् मला शेजारणीकडून कळावं?” मी उतरून आलो होतो, तरी दम होता. तिने विचारलं, “खरं हाय का?” मी नकाराची मान हलवायला घेतली, पण दम लागलेल्या माणसाची मान आडवी जात नाही, ती श्वासाबरोबर वर-खालीच होते. हे तू स्वतः करून बघ. तिने कपाळावर हात मारला. “आता बोलून न्हाई राहिले! अन् तिकडं बरं बोलता आलं!” एवढं म्हणून ती आत गेली आणि तिने माझ्या वरणात जास्तीचं पाणी घातलं.

तिसऱ्या दिवशी मी निघालो तो गैरसमज दूर करायलाच. वाक्य घरून जुळवून नेलं होतं. एका श्वासात बसेल असं आखूड. ‘उत्तमराव, मी फक्त दम खायला बसतो.’ पण वाक्य आखूड झालं तरी गल्ली आखूड झाली नव्हती. ओट्यावर पोचलो. तिथं माझ्यासाठी लोड ठेवलेला. उत्तमराव स्वतः हजर, डोक्याला पटका बांधलेला. मी म्हटलं, “उत्तमराव...” आणि श्वास संपला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझे गुडघ्यांवरचे दोन्ही हात त्याने आपल्या हातात घेतले (त्यामुळे माझी बैठक मोडली आणि दम आणखी वाढला) आणि म्हणाला, “तातेराव, काईच बोलू नका. तुमी पोराकडचे, अन् मान खाली घालून बसता. इतकी लीनता म्या आजवर बघितली न्हाई. मला समदं समजलं.” त्याला काहीही समजलं नव्हतं. पण ते सांगायला जेवढा श्वास लागतो तेवढा माझ्याकडे नव्हता, आणि आला तेव्हा तो बैल बांधायला निघून गेला होता.

तेव्हापासून गावात माझ्या दम्याचा आदर वाढला आहे. मी गल्लीत थांबलो की लोक म्हणतात, भाच्याच्या लग्नाचा आनंद पेलवून न्हाई राहिला. पाय सुजले तर, व्याह्याच्या घरी येरझाऱ्या. खेमा तर मला गाडीत बसवतानाही विचारतो, “मालक, वरातीला हीच गाडी का?” मी ओरडून नाही म्हणणार, तर डॉक्टरने ओरडायलाही बंदी केली आहे. माझ्या आजाराचा मला एकही फायदा नव्हता. तो आता दुसऱ्यांच्या उपयोगी पडू लागला आहे.

मुलीबद्दल मी तुला काही लिहीत नाही, कारण ही सोयरीक मोडायचीच आहे. तरी तू विचारशील. रंग सावळा. उंची जरा जास्त; रामकिशनच्या खांद्याच्या वर जाईल. (रामकिशन, इथं खांद्याकडे बघू नको, वाच.) बोलायला फटकळ. तुला फटकळ सून नको आहे हे मला माहीत आहे, घरात एक फटकळ बाई पुरे. तू आजवर नाकारलेल्या मुली माझ्या लक्षात आहेत. एक हसते म्हणून, एक हसत नाही म्हणून, आणि एक तिच्या गावच्या विहिरीचं पाणी खारट आहे म्हणून. त्या मापाने ही पहिल्याच दिवशी बाद. आपल्या आत्यालाही ती बोलते. त्या ओट्यावर मी पहिल्यांदा वाकून बसलो, तेव्हा द्वारकाबाई मला भजी का नकोत, असं विचारत होती. विचारून थांबत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघून पुन्हा विचारत होती. मुलगी तांब्या घेऊन दारात आली. म्हणाली, “आत्या, गप की जरा. आधी त्यायचा दम जिरू दे, मंग इचार काय इचारायचं ते.” आणि तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली. घे म्हणाली नाही. काय होतं विचारलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही, रस्त्याकडे बघत राहिली, एखादी गाडी पुढची निघून जायची वाट बघावी तशी. माझा श्वास जागेवर आला, तेव्हा तिने तांब्या पुढे केला.

दिवाळीपासून मला शंभर माणसं भेटली असतील. थांबलेलं माणूस तेवढं एकच. पण सोयरीक काही थांबता येतं का एवढ्यावर ठरत नाही, हे मला कळतं.

ती आता माझ्यासाठी बिनमिठाचं पिठलंही करते. लिंबू पिळून, लसूण वाटून, जिरं भाजून. चव आहे. कशी आली ते विचारून तुझ्या भावजयीला सांगितलं, तर दोन दिवस तिने माझ्याशी बोलणं टाकलं. त्या दोन दिवसांत मला बराच आराम पडला.

तर आता मुद्द्याचं. आक्का, या जंजाळातून तूच मला सोडवू शकतेस. मला बोलून हे मोडता येत नाही, आणि मान हलवून मोडायला गेलो की आणखी जमतं. तू उत्तमरावाला तुझ्याकडून स्वच्छ नकार कळव. सांग की तात्या आजारी आहे, त्याच्या मान हलवण्याला अर्थ नाही. मुलगा माझा, मी ठरवीन. हवं तर मला चार शब्द लाव; तुला ते शोधावे लागणार नाहीत. मी नामानिराळा राहीन आणि पाटलाच्या ओट्यावर बसेन, पाय लोंबकळले तर लोंबकळू दे. नकार खेमाबरोबर पाठव. तो तुझ्या आवाजात सांगेल, म्हणजे कुणाला शंका राहणार नाही.

घरची सगळी बरी आहेत. तू गुडघ्याला शेक. मोठ्यांना दंडवत (वर लिहिल्याप्रमाणे, कागदावरचाच), लहानांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ
तातेराव

ता. क. नकार लगेच पाठवू नको. अजून दोन कढया हळद शिजायची आहे. तोवर मला त्या ओट्याची गरज आहे. ती झाली की पाठव.

आणखी ता. क. हळद झाल्यावरही घाई नको. मग वाळवणाकडे लक्ष द्यायला जावं लागेल. थोरल्याला पाऊस येईल का ते ढग बघून कळत नाही, भिजल्यावर कळतं. आणि असं तोंडी निरोपाने मोडलं तर गावात बरं दिसणार नाही. नकार द्यायचा तर समोर येऊन द्यावा, अशी आपल्याकडची रीत आहे. तेव्हा तूच ये. गाडी पाठवतो. मुलगी एकदा बघ, म्हणजे काय नाकारलं ते तरी सांगता येईल. तिच्या विहिरीचं पाणी गोड आहे. तू लहानपणी तेच प्यायचीस.

शेवटचा ता. क., रामकिशनसाठी. इथून पुढचं आईला वाचू नको. ‘सगळ्यांना रामराम’ असं म्हण, कागदाची घडी कर आणि गोठ्यात जाऊन वाच.

पहिल्या दिवशी मला खरोखरच दम लागला होता. दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईने मिरेचं विचारलं, तेव्हा तो जिरला होता. मी चांगला पुरा श्वास घेतला आणि मान हलवली. गुळाचं, मिठाचं, लीनतेचं गावाने आपल्या मनाने जुळवलं, मी ते मोडलं नाही. तुझ्या आईला मी ‘ही मुलगी कर’ म्हटलं असतं तर तिने विहीर तपासली असती. ‘करू नको’ म्हटलं म्हणजे ती उद्याच गाडीत बसेल. मी तिला तुझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखतो.

घाई का, ते तुला सांगितलं पाहिजे. परवा पुन्हा हिंगोलीला गेलो होतो. डॉक्टरने परत नळी लावली. मी त्याला विचारलं, पुढच्या सालची हळद मी बघेन का? तो खूप बोलणारा माणूस आहे. त्या वेळी त्याने नुसती मान हलवली. आडवी. हे तुझ्या मामीलाही ठाऊक नाही, आणि वैशाखापर्यंत ठाऊक होऊ देऊ नको. या सालची एक कढई मी स्वतः काडी टोचून काढली आहे. ती विकायची नाही असं थोरल्याला सांगितलं आहे. लग्नाला लागेल.

पण तुझ्यावर जुलूम नाही. तू आईबरोबर ये. गाडी ओढ्याशी सोड आणि आपली गल्ली पळत चढ, न थांबता, तुझी आई चढायची तशी. तू तरणा असलास तरी उत्तमरावाच्या ओट्यापाशी तुलाही दम लागेलच. तिथं बस. पाय टेकव, हात गुडघ्यांवर ठेव. द्वारकाबाई शंभर प्रश्न विचारील, तिच्याकडे लक्ष देऊ नको. दार उघडून ती तांब्या घेऊन येते का, आणि आल्यावर काय करते, ते बघ.

मग मान कशी हलवायची ते तू ठरव. मात्र दम जिरल्यावर हलव.